गाडीच्या कूलरचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या गाडीचा एसी बरोबर अर्धा तास चालायचा. अर्धा तास मस्त, बोटं गार पडतील अशी हवा. मग झोत बारीक बारीक होत बंद. आतल्या पंख्याचा आवाज तेवढाच, हवा मात्र गायब. गाडी सावलीत उभी करून चहा पिऊन आलो की पुन्हा मस्त. म्हणजे गॅरेजमध्ये नेईपर्यंत तिला काहीच झालेलं नसायचं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. उष्णतेचा धडा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर एवढं काही नव्हतं. नागपूरचा माणूस काच खाली करतो, तोंडाला दुपट्टा गुंडाळतो नि जातो. आमचं तसं नव्हतं. माझ्या मुलीला घाम येत नाही. जन्मापासूनच येत नाही. तुमचंआमचं अंग तापलं की घाम फुटतो, तो वाळतो आणि अंग निवतं. तिचं नुसतं तापत जातं. म्हणून शाळेपासून तिच्या दप्तरात एक स्प्रेची बाटली असते. पाणी अंगावर मारायचं, वाळलं की परत मारायचं. डॉक्टर म्हणाले होते, घाम बाहेरून द्यायचा, बस. हे सगळं घरात आम्ही इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की त्याबद्दल कुणी बोलतही नसे.

पण त्या मे महिन्यात तिची मेडिकलची प्रवेश परीक्षा होती, आणि सेंटर आलं मौद्याच्याही पुढे. पेपर दुपारी दोनला. म्हणजे निघायचं बारा-साडेबाराला, भर उन्हात, आणि रस्ता सव्वा तासाचा. एसी अर्ध्या तासाचा. दोन वर्षं त्या पोरीनं लग्नं, सिनेमे, मैत्रिणींचे वाढदिवस, सगळं बाजूला ठेवलं होतं. तापलेल्या डोक्यानं ती पेपरला बसली असती तर सगळं मातीत. आणि खरं सांगायचं तर मला पेपरची भीती कमी होती, रस्त्याची जास्त होती.

आता आबांबद्दल सांगायला पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील. मुलगी त्यांना आबा म्हणते, तिचं ऐकून सगळं घर म्हणायला लागलं, मीसुद्धा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी कूलिंग टॉवरवर गेली. वरून पाणी पडतं, खालून हवा चढते, पाणी थंड होतं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं. आई गेल्यावर मी त्यांना कॉलनीतून आमच्याकडे आणलं, तेव्हा घरातले दोन्ही कूलर त्यांनी आपणहून ताब्यात घेतले. होळीच्या आधी खाली उतरवायचे, टाकी घासायची, वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या, आणि मग पावसाळ्यापर्यंत रोज सकाळी पाईप लावून पाणी भरायचं. घरात एसी घ्यायचं मी दोनदा काढलं. त्यांनी काही विरोध केला नाही, फक्त दोन दिवस कमी जेवले. मग मुलीच्या खोलीत तेवढा लावला.

गाडीतल्या एसीलाही ते कूलरच म्हणायचे.

"गाडीचा कूलर सुरू कर गा."

"आबा, तो एसी आहे."

"तेच म्हणून राहिलो मी."

मी तापट आहे असं लोक म्हणतात. माझं म्हणणं असं की मी स्पष्ट बोलतो. वर्गात साठ पोरं असतात, हळू बोलून भागत नाही, आणि घरी आलो म्हणून गळा काही वेगळा बसवता येत नाही. तर त्या मार्चमध्ये गाडी नीट थंड होईना. चार दिवस मी बटणं दाबून पाहिली. पाचव्या दिवशी आरशात दिसलं, मागच्या सीटवर आबांनी त्यांच्या बाजूची काच चार बोटं खाली घेतलेली. मी पेट्रोल पंपावरच सुरू झालो. म्हटलं, बाहेर चाळीस डिग्री, आपण आत थंड करून राहिलो आणि तुम्ही ते बाहेर सोडून राहिले, काही डोकं आहे की नाही?

"कूलरले खिडकी उघडी लागते ना गा," ते म्हणाले. "नाई तं दमट होते आतमंदी."

आणि ते बरोबरच होतं. कूलरसाठी बरोबर होतं. नागपुरात कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर तासाभरात पापड मऊ पडतात. पण ते समजून घ्यायला माझ्याकडे वेळ नव्हता. पंपावरची माणसं पाहत होती, तरी मी त्यांना कूलर आणि एसीमधला फरक पूर्ण समजावला, बाष्पीभवनासकट. ते हो हो म्हणाले. त्यानंतर गाडीत बसले की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, काचेच्या बटणाकडे जायचेच नाहीत. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

एप्रिलमध्ये आम्ही खापरखेड्याला गेलो, आबांच्या जुन्या शेजाऱ्यांकडे. काचा सगळ्या बंद, मी स्वतः पाहिल्या. अर्ध्या तासानं हवा गेली. मुलगी मागे स्प्रे मारत बसली. पोचलो, तिला नळाखाली उभी केली, सगळं ठीक झालं. परत येताना एसी असा चालला की जणू मीच खोटं बोलत होतो.

घराजवळच्या एसीवाल्यानं गेज लावलं, काटे पाहिले आणि म्हणाला, "सर, गॅस थोडा कम होगा. भर देते है." भरला. दहा दिवस छान चालला. छान चालला म्हणजे काय, मी घर ते कॉलेज जात होतो, पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात तो बिघडणारच नव्हता. हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मग आम्ही सेंटर पाहायला मौद्याकडे निघालो. मुद्दामच दुपारी बाराला निघालो, म्हणजे परीक्षेच्या दिवसाची तालीम होईल. आबा म्हणाले मीही येतो. पारडी सोडलं आणि थोड्या वेळानं झोत बारीक झाला. मी बटण तीनवर नेलं, चारवर नेलं. पंखा नुसता घोंघावत होता, जाळीतून फुंकर मारल्याएवढी हवा. काचा उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली, म्हणून पुन्हा बंद केल्या. पाच मिनिटांनी मी विचारलं, ठीक आहे ना बेटा? ती हो म्हणाली. नंतर विचारलं तर काही म्हणालीच नाही.

आरशात पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, आणि आबा आपल्या दुपट्ट्यावर बाटलीतलं पाणी ओतून तिच्या डोक्यावर, मानेवर दाबत होते. रस्त्याच्या कडेला एक रसवंती दिसली, तिथं गाडी घातली. रसवाल्या बाईनं काही न विचारता बर्फाची लादी आणि पाण्याची बादली पुढं केली. आम्ही तिला बाकावर निजवून पाणी ओतत होतो. वीसेक मिनिटांनी तिनं डोळे उघडून रस मागितला. मी बाजूला जाऊन गाडीच्या चाकाला दोन लाथा मारल्या. मग तिथंच उकिडवा बसलो आणि रडलो थोडा. गाडीखाली पाहिलं तर पाणी ठिबकत होतं. ठिबकत काय, धार लागली होती. एसीचं पाणी पडतं हे मला माहीत आहे, पण एवढं? त्या कोरड्या ठणठणीत हवेत एवढं पाणी कुठून येतंय, असा विचार एकदा मनात आला आणि गेला.

परत येताना एसी सुरू केला. मस्त चालला.

दुसरा मेकॅनिक म्हणाला, पुढची जाळी मातीनं भरली आहे. धुतली. म्हणाला, आता पाहा. त्याच्या दारात एक तास गाडी चालू ठेवली, काही झालं नाही. तरी त्याला म्हटलं, नीट बघ, चालत्या गाडीत होतं हे. तो म्हणाला, "सर, माझ्यासमोर होऊन नाही राहिलं तं मी काय दुरुस्त करू?" मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला दुसरीकडे दाखवा. आमची ही म्हणाली, त्या दिवशी टॅक्सी करून जाऊ. पण टॅक्सीवाल्याचा एसी कसा असेल याची तरी कोण खात्री देणार? मला झोप लागत नव्हती. कॉलेजात धडा शिकवताना फळ्यावर सूत्र लिहायचो आणि मधेच थांबायचो. उष्णता जाते कुठं, पाणी येतं कुठून, काही ताळमेळ नाही. वर आणखी एक गंमत. गाडीत बसलं की अलीकडे वाळ्याचा मंद वास यायचा. मला वाटलं पहिल्या मेकॅनिकनं काहीतरी सुगंधी फवारलं असेल. वास चांगला होता, म्हणून मी चौकशी केली नाही.

केमिस्ट्रीच्या सरांनी वाडीचा माणूस सुचवला. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, त्यांच्या मागे टिनाच्या शेडमध्ये तो औषधं नेणाऱ्या थंड गाड्या दुरुस्त करतो. माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. फोनवर मी त्याला सगळी हकिगत सांगितली. त्यानं मधे एकदाही हां म्हटलं नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला,

"गाडी एकटी नका आणू, सर. रोज जे बसतात ते सारे घेऊन या. जसे बसता तसेच बसाचं."

मी म्हटलं, अहो, दुरुस्ती गाडीची आहे, माणसांची काय गरज? तो म्हणाला, मी असंच पाहतो. मुलीला न्यायची माझी तयारी नव्हती, पण ती म्हणाली, बाबा, मी येते. जरा घाईनंच म्हणाली. सकाळी सातला निघालो. बर्फाचा डबा, स्प्रे, तीन ओले टॉवेल. ही, मुलगी आणि आबा मागे. वाडीला तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, चालवा. बोनट उघडलं नाही, गेज काढलं नाही. नुसता हवेच्या जाळीवर तळहात धरून बसला. ट्रकांच्या रांगेतून आम्ही अमरावती रोडनं निघालो. पस्तीस मिनिटांनी त्यानं हात काढून घेतला.

"गेली," तो म्हणाला.

पहिल्यांदाच माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी ते कळलं होतं. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्यानं एसीचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवला आणि खाली उतरून गाडीखाली वाकून पाहिलं. काही मिनिटांनी पाण्याची धार सुरू झाली.

"बर्फ जमून राहिला, सर. आतमधल्या कॉईलवर. हवेची वाट बंद झाली का थंडी तिथंच बसते. मग पाण्याचा बर्फ होते, अन् बर्फानं उरलेली वाट पण बंद. गाडी उभी केली का वितळते. म्हणून गॅरेजवाल्यांना सापडत नाही."

इतकं सोपं. माझ्याच धड्यातलं. मला एकदम हुरूप आला, आणि मास्तर जागा झाला. म्हटलं, पण बर्फ व्हायला हवेत ओलावा पाहिजे. मे महिन्यात नागपूरच्या हवेत ओलावा असतो कुठं?

"तेच तं मी इचार करून राहिलो," तो म्हणाला. "एवढं पाणी आलं कुठून?"

शेडमध्ये परतलो. त्यानं डाव्या बाजूचा डॅशबोर्डचा खण काढला, मागे हात घातला आणि हवेचा फिल्टर ओढून काढला. घडीघडीच्या कागदाचा असतो तो, वहीएवढा. आमचा चिखलाची वीट झाला होता. त्याला वाळ्याच्या मुळ्या चिकटलेल्या, आणि मधे एक खाकी कापडाची ओली पुरचुंडी. शेडभर वाळ्याचा वास सुटला. तेलाच्या, ग्रीसच्या वासात एकदम घरच्या हॉलचा वास. मुलगी आबांकडे पाहत होती. ही मुलीकडे पाहत होती. आबा आपल्या चपलांकडे पाहत होते. मेकॅनिकनं एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज आधीच चढलेला होता. काय आहे हे, कुणी घातलं, त्या पहिल्या गॅरेजवाल्याचं काम दिसतं, सोडत नाही मी त्याला.

"उंदीर, सर," तो म्हणाला.

"उंदीर?"

"घर करते तो इथं. वाळा आवडते त्याले. तुमच्या कूलरमधून काढून आणला असंल."

"आणि पाणी?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "मुतते ना, सर, उंदीर."

आता हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. बावीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या माणसानं ते ऐकलं, मान डोलावली आणि पटवून घेतलं. कारण मला कारण हवं होतं. उंदीर तर उंदीर. माझा सगळा राग उंदराकडे वळला आणि मला फार बरं वाटलं. मेकॅनिक नवा फिल्टर बसवत होता, तेव्हा मी हिला उंदरांच्या सवयी सांगत होतो. ती हं हं करत होती. नंतर पाहिलं तर मेकॅनिक आबांना गाडीसमोर घेऊन गेला होता. बोनट उघडं, दोघांची डोकी आत, आणि तो बोटानं काहीतरी दाखवत होता. म्हातारा माणूस आहे, नोकरीतलं काही सांगत असेल आणि हा ऐकून घेत असेल, असं मला वाटलं.

येताना सीताबर्डीवर थांबून मी उंदराचा पिंजरा घेतला. आठ दिवस रोज संध्याकाळी गाडीखाली लावला. एक दिवस भजं, एक दिवस शेंगदाण्याची चटणी, एक दिवस पोळीला तूप लावून. काही सापडलं नाही. ही म्हणायची, लावा, लावा, आज सापडेल. मुलगी अभ्यासातून मान वर करत नसे. आबा रोज सकाळी कूलर भरून झाले की मगभर पाणी घेऊन खाली जायचे. मी विचारलं तर म्हणाले, काच पुसाच्या टाकीत टाकतो, त्या मेकॅनिकनं सांगतलं. म्हटलं, टाका. वायपरला पाणी असलेलं बरं. एसी आता तास तास चालत होता. मी दोनदा पारडीच्या पुढेपर्यंत जाऊन आलो. सगळं सुरळीत झालं होतं. तरी डोक्यात काहीतरी अडकून होतं. उंदीर पुरचुंडी बांधतो का? पण तेवढ्यात दुसरं काही काम निघायचं आणि तो विचार तसाच राहायचा.

परीक्षेच्या दिवशी हिला ऑफिसातून सुटी मिळाली नाही. आम्ही तिघं निघालो. पारडी गेली, रसवंती गेली, मौदा गेलं. हवा तशीच, एकसारखी. मुलगी मागे डोळे मिटून सूत्रं पुटपुटत होती, आणि तिच्या हाताला हात लावून पाहिला तर गार होता. गेटवर तिनं स्प्रेची बाटली आणि डॉक्टरांचं पत्र दाखवलं, पहारेकऱ्यानं आत सोडलं. ती दिसेनाशी झाली तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तीन तास काढायचे होते. कडुनिंबाखाली गाडी लावली. आणखी वीस-पंचवीस आईबाप होते, कुणी वर्तमानपत्र अंथरून, कुणी गाडीत. मी जरा पाय मोकळे करायला गेलो. परत आलो तर आबांनी बोनट उघडायचा प्रयत्न चालवलेला, ते उघडत नव्हतं, आणि हातात आमची प्यायच्या पाण्याची बाटली. दोनच बाटल्या उरल्या होत्या.

"प्यायचं पाणी कुठं ओतून राहिले आबा? पोरगी बाहेर आल्यावर काय पिईल?"

जरा जोरात निघालं. दोन-तीन माणसांनी मान वळवली. आणि आबांनी ती बाटली पाठीमागे लपवली. ऐंशीला आलेला माणूस. कॉपी करताना सापडलेलं पोरगं चिठ्ठी लपवतं तशी लपवली, आणि म्हणाले,

"जाळीत नाई टाकत गा मी आता. त्यानं सांगतलं ना, पाणी इथं टाकाचं. निळ्या टोपणात. मी तेव्हापासून जाळीत एक थेंब नाई टाकला."

मी म्हटलं, कोणती जाळी?

त्यांनी काचेच्या खाली, वायपरजवळच्या काळ्या जाळीकडे बोट दाखवलं. तिथूनच बाहेरची हवा आत जाते. तिथून सरळ फिल्टर. मी त्या जाळीकडे पाहत उभा राहिलो. एकेक गोष्ट जागेवर यायला लागली, आणि यावी असं मला वाटत नव्हतं.

"रोज?"

"सकाळी. घरचे कूलर भरून झाले का एक मग गाडीच्या कूलरले." मग हळूच, "तिले सेंटरवर दूर जाचं होतं ना. कूलर कोरडा चालला तं गरम हवा मारते. मी टॉवरवर पाह्यलं हाय. पाण्याशिवाय थंड होत नाई काई."

"आणि वाळा?"

"तो तुनं खण उघडा ठेवला होता एक दिवस. मागं जागा दिसली. माह्या जुन्या युनिफॉर्मच्या कपड्यात बांधून ठेवला. तिले वास आवडते."

माझं डोकं सटकणार होतं. ते सटकायची एक पद्धत आहे, आधी कान गरम होतात. कान गरम झाले. तिला त्या बाकावर निजवलेलं आठवलं. म्हणजे हे सगळं, ती अर्धमेली झाली ते, यांच्या मगभर पाण्यानं. आणि त्याच बाकाशी हा माणूस आपला दुपट्टा भिजवून तिच्या मानेवर दाबत होता.

"मला सांगितलं काहून नाही आबा?"

बाटली अजून पाठीमागेच होती.

"तू ओरडतं गा," ते म्हणाले.

मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? न विचारता चाललं असतं, पण विचारलं. सूनबाईला माहीत आहे, रोज सकाळी बोनटचा खटका तीच ओढून द्यायची. त्या मेकॅनिकला तर फिल्टर पाहिल्याबरोबर कळलं. आणि मुलीला सगळ्यात आधीपासून. ती सकाळी गॅलरीत अभ्यासाला बसायची, तिनं त्यांना पाणी ओतताना वरून पाहिलं होतं, एप्रिलमध्येच.

"म्हणे आबा, पाणी तं वाहून जात असंल खाली, त्यानं काई होत नाई. पण बाबांले नका सांगू. ते ओरडतीन तुमच्यावर." मग म्हणाले, "त्या दिवशी रसवंतीवरून आलो, तेव्हा मी तिले म्हटलं, आता सांगून देतो वं. तं रडाले लागली. म्हणून राहिलो."

उंदराच्या पिंजऱ्यात मी आठ दिवस तूप लावून पोळी ठेवली होती आणि सगळं घर पाहत होतं. ते जाऊ द्या. मला त्याचं एक मिनिट हसूही आलं. पण मुलीचं मला काही केल्या उमगेना. जिला घाम येत नाही अशी पोर, त्या गाडीत लाल होऊन पडली, कशामुळे असेल याचा तिला अंदाज असेल, आणि तरी तोंड मिटून बसली. उन्हापेक्षा तिला माझी भीती जास्त वाटली. हे मी मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच निघत होतं. मला वाईट वाटलं, आणि कुणावर ओरडायचं ते कळेना, कारण माझ्याशिवाय तिथं कुणी उरलंच नव्हतं.

आबा उन्हात उभे होते. सावली सरकली होती. मी गाडीत हात घालून बोनटचा खटका ओढला, बोनट वर करून दांडी लावली.

"घाला," म्हटलं. "थोडं बसेल अजून त्यात."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग निळं टोपण काढलं आणि पाणी ओतलं, अर्धीच बाटली, एकेक धार मोजून. उरलेली अर्धी टोपण लावून मला परत दिली. म्हणाले, ही तिच्यासाठी. त्यांना वाटत होतं की एसी त्या पाण्यावर चालतो, की त्यांना सगळं कळलं होतं आणि आम्हा सगळ्यांसाठी ते ओतत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही. विचारायची सोय नाही, कारण मग मला आवाज बारीक ठेवून विचारावं लागेल आणि ते मला अजून नीट जमत नाही.

सव्वापाचला गेट उघडलं. पोरं लोंढ्यानं बाहेर आली, आईबाप धावले. पेपर कसा गेला, बायो सोपा होता का, सगळीकडे तेच. मी दहा मिनिटं आधीच एसी लावून ठेवला होता. ती मागे बसली, केस ओले, स्प्रेची बाटली रिकामी, चेहरा ठीक. मी विचारणार तेवढ्यात तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. माझ्या मांडीवरची अर्धी बाटली तिला दिसली असावी. दोन वर्षं ज्या पेपरची तयारी केली, त्याबद्दल ती काही बोलली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आबांना ओरडले का?"

आबांनी माझ्या मांडीवरची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

"नाई वं," ते म्हणाले. "आज तं बोनट त्यानंच उघडून देल्लं."